उन्हाळी पूर्वतयारी वर्ग आणि ग्रामीण विद्यार्थ्यांचे विज्ञानशिक्षण : पाथर्डी तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

दहावीचा शेवटचा पेपर आणि अकरावी विज्ञान शाखेचा पहिला तास यांच्या मध्ये महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या आयुष्यात एक लांबलचक उन्हाळा येतो. मार्चमध्ये परीक्षा संपते, मेच्या सुमारास निकाल लागतो आणि त्यानंतर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात. 2025 मध्ये अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाली. त्या वर्षी या फेऱ्या ऑगस्टपर्यंत लांबल्या. म्हणजे सुमारे चार ते साडेचार महिने विद्यार्थ्याचे नाव कोणत्याही संस्थेच्या पटावर नसते. शाळेने त्याला सोडलेले असते आणि महाविद्यालयाने अद्याप स्वीकारलेले नसते. विज्ञान व अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणाची पूर्वतयारी म्हणून जे जे उन्हाळी वर्ग, शिबिरे आणि सेतू अभ्यासक्रम आज चालतात, ते याच रिकाम्या काळात उभे राहिले आहेत.

अशा उपक्रमांविषयी सामान्यतः कौतुकाने लिहिले जाते. त्यांचे अहवाल प्रसिद्ध होतात, उद्घाटनाची आणि समारोपाची छायाचित्रे छापून येतात. मात्र हे वर्ग नेमके कोणासाठी आहेत, ते विद्यार्थ्यात कोणती उणीव गृहीत धरतात आणि ज्या प्रदेशात ते भरतात तेथील जीवनक्रमाशी त्यांचे काय नाते आहे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात या उपक्रमांचे तीन प्रकार करून त्यांची चिकित्सा केली आहे. तिच्यासाठी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्याचा संदर्भ घेतला आहे. उन्हाळी वर्ग ही दिसायला केवळ शैक्षणिक बाब असली तरी ती मुळात सामाजिक न्यायाची बाब आहे, हे या तालुक्याच्या उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके शहरी उदाहरणातून होत नाही.

पाथर्डीचा उन्हाळा

पाथर्डी हा जिल्ह्याच्या पूर्व भागातील, बीड जिल्ह्याला लागून असलेला अवर्षणप्रवण तालुका आहे. गर्भगिरीच्या डोंगररांगा, मढीचे कानिफनाथ देवस्थान, मोहटादेवी आणि भगवानगड ही त्याची ओळख आहे, तसेच ऊसतोड मजुरांचा तालुका हीसुद्धा त्याची ओळख आहे. तालुक्यात आदिनाथनगर येथे वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना असला तरी येथील कोरडवाहू शेतकरी व भूमिहीन कुटुंबे मोठ्या संख्येने दूरच्या कारखान्यांच्या उसावर तोडणीसाठी जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलवायचे आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परतायचे, असा हा वार्षिक क्रम आहे. पती आणि पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुलांचे शिक्षण या कोयत्याच्या वेळापत्रकाला बांधलेले असते.

या स्थलांतराचा शालेय शिक्षणावर होणारा परिणाम शासनाने आणि स्वयंसेवी संस्थांनी फार पूर्वीच ओळखला होता. कारखान्यांच्या परिसरात चालवलेल्या साखरशाळा, गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आणि 2021 मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना हे त्या जाणिवेचेच टप्पे होत. या सर्व योजनांचा भर तोडणीच्या हंगामावर, म्हणजे हिवाळ्यावर आहे. ते स्वाभाविकही आहे. परंतु त्यामुळे एक गोष्ट नजरेआड झाली. ऊसतोड कुटुंबातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने उन्हाळा हा वर्षातील असा काळ आहे की ज्यात आई-वडील घरी असतात. इतरांच्या लेखी जी सुटी, ती या कुटुंबाच्या लेखी घरवापसी असते. घराची डागडुजी, शेतीची मशागत, लग्नकार्ये, देणीघेणी आणि पुढच्या उचलीची बोलणी या साऱ्या गोष्टी याच महिन्यांत उरकल्या जातात. पाण्यासाठीची पायपीटही याच काळात वाढते.

म्हणून उन्हाळी सुटी ही सर्वांना सारखी मोकळी असते, हे या उपक्रमांमागील पहिले गृहीतक येथे टिकत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला या काळात रोजंदारीचे काम मिळते आणि घराला त्याची गरज असते. मुलीच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. दहावी झालेली, कोणत्याही संस्थेच्या पटावर नाव नसलेली मुलगी आणि लग्नसराई यांची गाठ नेमकी याच महिन्यांत पडते. अकरावीचा प्रवेश जितका लांबतो तितका हा धोका वाढतो. अशा मुलीसाठी उन्हाळी वर्गाच्या हजेरीपटावर नाव असणे म्हणजे आपण अद्याप शिकत आहोत, हे घराला आणि गावाला सांगण्याचा एक आधार ठरतो. उन्हाळी वर्गाचे मूल्यमापन करताना हा निकष कोणत्याही अहवालात आढळत नाही.

निवडीची शिबिरे

पहिला प्रकार निवडक गुणवंतांसाठीच्या शिबिरांचा आहे. पुण्याच्या आयुकाने शालेय विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी सुटीत राबवलेला उपक्रम हे त्याचे एक प्रतिष्ठित उदाहरण होय. डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या संस्थेने शास्त्रज्ञाच्या सहवासात काही दिवस काढण्याची संधी शाळकरी मुलांना दिली. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2008 मध्ये सुरू केलेल्या ‘इन्स्पायर’ योजनेतही पाच दिवसांच्या शिबिरांची तरतूद करण्यात आली. दहावीच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि अकरावीला विज्ञान शाखा घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही शिबिरे उन्हाळ्यात व हिवाळ्यात अनेक महाविद्यालयांत भरवली गेली.

या शिबिरांचे मोल नाकारता येणार नाही. नावाजलेला शास्त्रज्ञ आपल्यासमोर उभा राहून ‘हे अजून कोणालाच माहीत नाही’ असे म्हणतो, तेव्हा विज्ञान ही पाठांतराची नव्हे तर शोधाची बाब आहे हे विद्यार्थ्याला उमगते. तथापि या प्रकाराची मर्यादा त्याच्या निवडीच्या निकषातच आहे. वरचा एक टक्का हा गुणांवर ठरतो आणि गुण हे बुद्धीइतकेच घराच्या स्थैर्यावर, शिकवणीवर व भाषेवर अवलंबून असतात. पिअर बोर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले ते ज्यांच्याजवळ आधीच आहे, त्यांच्याच भांडवलात अशी शिबिरे भर घालतात.

या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. वरच्या वर्गाला शिक्षण दिले की ते हळूहळू खाली झिरपेल, या तत्कालीन धोरणावर त्यांनी कठोर टीका केली होती. ज्यांच्या करातून शिक्षणाचा खर्च भागतो त्या शेतकरी समाजाकडेच शिक्षण पोहोचत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. सार्वजनिक पैशातून केवळ वरच्या एक टक्क्यासाठी शिबिर भरवताना हेच झिरप-तत्त्व नव्या वेषात परत येत नाही ना, हे तपासणे आवश्यक ठरते.

वेगाचे वर्ग

दुसरा प्रकार खासगी शिकवणीवर्गांचा आहे. ‘फाउंडेशन’, ‘व्हेकेशन बॅच’, ‘क्रॅश कोर्स’ अशा नावांनी तो तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचला आहे. 1983 नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे युग सुरू झाले, पुढे प्रवेशपरीक्षांना महत्त्व आले आणि उन्हाळ्याचे रूप पालटले. 2014 व 2015 मध्ये राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश जेईई मेनच्या आधारे झाले, 2016 पासून पुन्हा राज्याची सीईटी आली. अशा बदलांच्या काळात गोंधळलेल्या पालकाला दिलासा देणारी यंत्रणा म्हणून शिकवणीवर्ग अधिक बळकट झाले. जानेवारी 2024 मध्ये केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना किंवा माध्यमिक परीक्षेपूर्वी शिकवणीवर्गात प्रवेश देऊ नये असे सांगितले. त्यामागील हेतू चांगला असला, तरी त्यामुळे दहावीनंतरचा उन्हाळा हाच या बाजाराचा अधिकृत प्रवेशदरवाजा ठरला, ही बाबही नोंदवावी लागेल.

या वर्गांचे मुख्य सूत्र वेग हे आहे. जे महाविद्यालयात जुलै-ऑगस्टनंतर शिकवले जाणार ते एप्रिल-मेमध्येच ‘संपवायचे’, अशी त्यांची रीत असते. यातून दोन परिणाम घडतात. ज्याचे आधीच ‘झाले’ आहे त्याला महाविद्यालयाचा तास निरर्थक वाटू लागतो. ज्याचे ‘झालेले’ नाही, तो पहिल्याच दिवशी स्वतःला मागे पडलेला समजतो. अशा रीतीने शर्यतीची सुरुवातीची रेषाच उन्हाळ्यात पुढे सरकवली जाते आणि ती सरकवण्याचा खर्च ज्याला परवडतो तोच रेषेवर उभा राहतो. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे येथे खोली घेऊन मुलाला ठेवण्यासाठी लागणारी रक्कम आणि मुकादमाकडून मिळणारी उचल यांचा एकमेकींशी संबंध नसतो, असे समजणे वास्तवाला धरून होणार नाही. पालक कर्ज काढतात, आणि ऊसतोड कुटुंबात कर्जाची परतफेड पुढच्या हंगामातील श्रमाने होते.

भरपाईचे सेतू

तिसरा प्रकार शासकीय व संस्थात्मक सेतू अभ्यासक्रमांचा आहे. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर राज्यात 1 जुलै ते 14 ऑगस्ट 2021 या काळात 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला गेला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षासाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम सुचवला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. नॅकच्या स्वयंमूल्यांकनातही मंदगती व प्रगत अध्ययनार्थींसाठी महाविद्यालयाने काय केले, याची विचारणा होत आली आहे. त्यामुळे अनेक महाविद्यालयांत ‘सेतू वर्ग’ होतात. विषयनिहाय आठ-दहा तास, एक पूर्वचाचणी, एक उत्तरचाचणी, हजेरीपत्रक, छायाचित्र आणि प्रमाणपत्र असा त्यांचा साचा ठरून गेला आहे.

येथे दोष हेतूचा नसून संकल्पनेचा आहे. ‘मंदगती’ या शब्दातच निदान आधी ठरलेले असते. विद्यार्थ्यात काहीतरी कमी आहे आणि ते कमी असलेले त्याला थोडक्यात परत द्यायचे आहे, अशी ही भरपाईची दृष्टी आहे. त्यामुळे नववी-दहावीचेच घटक घाईने पुन्हा शिकवले जातात. जे तीन वर्षांत समजले नाही ते आठ तासांत का समजेल, हा साधा प्रश्न कोणी विचारत नाही. या तुलनेत भारतीय तंत्रज्ञान संस्थांमधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीचा एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. तेथे निदान पुरेसा वेळ दिला जातो आणि अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्याला पुढे प्रवेशाची खात्री असते. सेतूच्या पलीकडच्या काठावर उतरण्याची जागा असली तरच त्याला सेतू म्हणता येते.

भाषेचा उंबरठा

मग उणीव नेमकी कोठे आहे? या प्रश्नाचे सर्वांत विचारप्रवर्तक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत 1974 मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत आणि मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत काम केले. केंद्राचे संचालक वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टींवर भर दिला. एक म्हणजे, वंचित समाजातील मुलांमध्ये गुणवत्ता असते, ती शोधून सातत्याने जोपासावी लागते. दुसरी म्हणजे, विज्ञान न समजण्याचे एक मोठे कारण विज्ञान नसून पाठ्यपुस्तकाची भाषा असते. भाषा सोपी केली की त्याच विद्यार्थ्याचे आकलन सुधारते, हे त्यांच्या प्रयोगांचे सार होते. ही दोन्ही सूत्रे उन्हाळी वर्गांच्या आजच्या तिन्ही प्रकारांत अभावानेच आढळतात.

अकरावी विज्ञान शाखेत मराठी माध्यमातून येणाऱ्या विद्यार्थ्यासमोर भाषेचा उंबरठा दुहेरी असतो. पहिला उंबरठा मराठीकडून इंग्रजीकडे जाण्याचा आहे. नववीत शिकलेला ‘संवेग’ येथे ‘मोमेंटम’ होतो, ‘त्वरण’ ‘अॅक्सिलरेशन’ होते, दहावीतील ‘अपवर्तन’ ‘रिफ्रॅक्शन’ होते. संकल्पना ओळखीची असूनही नाव परके झाल्यामुळे विद्यार्थी तिला नव्यानेच भेटल्यासारखा बिचकतो. सेमी-इंग्रजीच्या पर्यायाने हा उंबरठा काही ठिकाणी थोडा खाली आला, परंतु शब्द ओळखीचे होणे आणि त्या भाषेत विचार करता येणे यांत अंतर आहे.

दुसरा उंबरठा अधिक खोल असून त्याची दखल फारशी घेतली जात नाही. तो व्यवहारातील मराठीकडून शास्त्रीय मराठीकडे जाण्याचा आहे. भौतिकशास्त्रातील ‘कार्य’ ही संकल्पना याचे उत्तम उदाहरण ठरते. डोक्यावर ओझे घेऊन सपाट जमिनीवर समान वेगाने चालणारी व्यक्ती त्या ओझ्यावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शून्य कार्य करते, हे वाक्य पाठ्यपुस्तकी दृष्टीने निर्दोष आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याने आपल्या आईला उसाची मोळी डोक्यावर घेऊन फडातून गाडीपर्यंत चालताना पाहिले आहे, त्याला या वाक्यात काय ऐकू येते? ‘कार्य’ म्हणजे ‘काम’ हेच त्याला ठाऊक आहे. दिवसभर राबलेल्या आईने काही कामच केले नाही, असे विज्ञान सांगते आहे, असा त्याचा समज होतो. तो प्रश्न विचारत नाही, व्याख्या पाठ करतो आणि विज्ञान व जीवन यांचे दोन वेगळे कप्पे मनात कायमचे तयार होतात.

हाच दाखला उलट बाजूने घेतला तर तो उत्कृष्ट पाठ होऊ शकतो. 20 किलोग्रॅमची मोळी फळीवरून चढून ट्रकमध्ये 3 मीटर उंचीवर नेली तर तिच्यावर सुमारे 588 जूल कार्य होते. अशा 40 मोळ्या चढवल्या तर एकूण सुमारे 23,500 जूल, म्हणजे साधारण साडेपाच किलोकॅलरी. एका भाकरीतून मिळणाऱ्या ऊर्जेपुढे हा आकडा अगदी लहान आहे. मग माणूस इतका का थकतो? येथे विद्यार्थ्याला कळते की मोळीबरोबर स्वतःच्या शरीराचे वजनही प्रत्येक वेळी वर न्यावे लागते. अन्नातील ऊर्जेचा थोडाच भाग स्नायू यांत्रिक कार्यात बदलू शकतात. ओझे नुसते तोलून धरण्यासाठीही स्नायूंना सतत ऊर्जा खर्च करावी लागते, जरी भौतिकशास्त्राच्या व्याख्येने विस्थापनाअभावी कार्य शून्य असले तरी. भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्राकडे जाणारा हा रस्ता आईच्या श्रमातून जातो. ‘कार्य’ आणि ‘काम’ हे दोन वेगळे शब्द का हवेत, हे त्यानंतर सांगावे लागत नाही.

साखर कारखान्याचेही तसेच आहे. दहावीत शिकलेले अपवर्तन रसातील विद्राव्य घनपदार्थांचे प्रमाण, म्हणजेच ब्रिक्स, मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये प्रत्यक्ष वापरले जाते. ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने साखरेचे प्रमाण काढतात. तोडणी मजुराची मजुरी उसाच्या वजनावर ठरते, तर कारखान्याचे उत्पादन साखर उताऱ्यावर ठरते. हा फरक समजणे म्हणजे रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच वेळी समजणे होय. जिल्ह्यातीलच हिवरे बाजार या गावाने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून पीकनियोजन केले. पाऊस, भूजल, बाष्पीभवन आणि वापर यांचा हा हिशेब उन्हाळी वर्गातील गणिताचा विषय होऊ शकतो. टंचाईग्रस्त तालुक्यातील विद्यार्थ्याला त्यातील एकही राशी परकी वाटणार नाही.

एकट्याने शिकण्याचा प्रश्न

भाषेइतकाच महत्त्वाचा दुसरा मुद्दा सोबतीचा आहे. या संदर्भात अमेरिकेतील अनुभव उपयुक्त ठरतो. तेथे 1964 च्या आर्थिक संधी कायद्यातून ‘अपवर्ड बाउंड’ हा कार्यक्रम आकाराला आला आणि गरीब कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांच्या परिसरात उन्हाळी वर्ग भरू लागले. त्यामागेही बराच काळ भरपाईचीच दृष्टी होती. 1970 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात यूरी ट्राइझमन यांनी कलनशास्त्रात अपयशी ठरणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. प्रेरणेचा अभाव, कच्ची पूर्वतयारी, घरच्यांची अनास्था किंवा गरिबी ही प्राध्यापकांनी गृहीत धरलेली कारणे त्यांना पुरेशी वाटली नाहीत. हे विद्यार्थी कष्टाळू होते, मात्र ते एकएकटे अभ्यास करीत होते. त्याउलट चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून, एकमेकांची उत्तरे तपासून, वाद घालून शिकत होते.

ट्राइझमन यांनी यावर उजळणी वर्ग काढला नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना गटात बसवून नेहमीपेक्षा कठीण गणिते दिली. ‘तुम्ही कच्चे आहात’ या संदेशाच्या जागी ‘तुम्ही हे करू शकता, पण एकत्र करा’ हा संदेश आला आणि निकाल बदलले. 1988 मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी संकुलात सुरू झालेल्या मायरहॉफ शिष्यवृत्ती कार्यक्रमातही प्रथम वर्षापूर्वीचा सहा आठवड्यांचा निवासी उन्हाळी वर्ग आणि गटाने शिकण्याची शिस्त यांना मध्यवर्ती स्थान मिळाले.

पाथर्डीच्या वाड्या-वस्त्यांवरून येणारा विद्यार्थीही बहुधा एकटाच विज्ञान शाखेला येतो. त्याच्या वस्तीवर अकरावी विज्ञानाचा दुसरा विद्यार्थी असेलच असे नाही. घरात त्याची गणिते समजणारे कोणी नसते आणि दिवाळीनंतर घरात वडीलधारे माणूसही उरत नाही. अशा विद्यार्थ्याला उन्हाळ्यात दहा सोबती मिळाले, एकमेकांना विचारण्याची सवय लागली, तर ती पुढील दोन वर्षांची शिदोरी ठरेल. शिकवलेल्या घटकांची संख्या त्यापुढे गौण आहे.

स्थानिक महाविद्यालयाची भूमिका आणि संभाव्य आक्षेप

वरील विवेचनावर काही आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला आक्षेप असा की, पालकांना गुण आणि प्रवेशपरीक्षेतील यश हवे असते, संकल्पना व सोबत यांसाठी ते मुलांना उन्हाळ्यात पाठवणार नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे. प्रवेशपरीक्षेकडे पाठ फिरवणारा वर्ग ग्रामीण विद्यार्थ्याची दिशाभूलच करील. त्यामुळे प्रश्नसंच सोडवणे हा वर्गाचा भाग असावाच, परंतु तो गटाने, बोलून, चुका उघड करून सोडवला जावा.

दुसरा आक्षेप असा की, स्थानिक संदर्भात विज्ञान शिकवले तर विद्यार्थी स्थानिकतेतच अडकेल. मोळीवरून ऊर्जेकडे जाणारा विद्यार्थी मोळीपाशी थांबत नाही, हे वरील उदाहरणातून दिसते. ओळखीचा अनुभव हे केवळ प्रस्थान आहे. पोहोचायचे ठिकाण सार्वत्रिक नियम हेच आहे आणि इंग्रजी परिभाषाही त्याच वाटेवर, मराठी संज्ञेच्या हाताला धरून, आत्मसात व्हावी.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे आणि तो प्राध्यापकवर्गाशी थेट संबंधित आहे. उन्हाळ्यात शिकवणार कोण? ग्रामीण महाविद्यालयांतील विज्ञान विभागांचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर आहे आणि त्यांचे मानधन तासांपुरतेच असते. मेमध्ये त्यांना विनामोबदला बोलावून घेतलेला सेतू वर्ग हा एका वंचिताच्या शिक्षणासाठी दुसऱ्या वंचिताचे श्रम फुकट वापरण्याचा प्रकार ठरेल. म्हणून उन्हाळी वर्गाचा खर्च हा मानधनासह स्वतंत्र तरतुदीचा विषय मानला पाहिजे. जी व्यवस्था वरच्या एक टक्क्यासाठी शिबिरांचा निधी देऊ शकते, तिला तालुक्याच्या महाविद्यालयाला एप्रिल ते जूनमधील तासांचा निधी देता येणे अशक्य नाही.

वर्गाचे वेळापत्रकही परिसराला धरून असावे. सकाळचे तीन तास, घरच्या कामाला व रोजगाराला दुपार मोकळी, मुलींसाठी ये-जा करण्याची सोय किंवा सुटीत रिकाम्या होणाऱ्या वसतिगृहात राहण्याची व्यवस्था, असे त्याचे स्वरूप असू शकते. पालक घरी असण्याचा काळ हाच असल्यामुळे आठवड्यातून एकदा त्यांना वर्गात बोलावता येईल. ऊस तोडणाऱ्या हातांनी किती जूल कार्य केले, हे मुलगी फळ्यावर मांडते आणि आई ते पाहते, यासारखे पालकसंमेलन अन्य ऋतूत घडवता येणार नाही.

निष्कर्ष

1. दहावी आणि अकरावी यांमधील काळात विद्यार्थ्याची जबाबदारी कोणत्याही संस्थेवर नसते. ही संस्थात्मक पोकळी बाजाराने भरून काढली आहे आणि तिचा सर्वाधिक फटका स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना बसतो.

2. निवडीची शिबिरे प्रेरणादायी असली तरी गुणांच्या निकषामुळे ती आधीच पुढे असलेल्यांपर्यंत पोहोचतात. शिकवणीवर्ग वेगाला ज्ञान समजतात. सेतू अभ्यासक्रम उणिवेचे निदान आधीच करून ठेवतात.

3. ग्रामीण मराठी माध्यमातील विद्यार्थ्यासमोरील खरा अडसर भाषेचा दुहेरी उंबरठा आणि एकट्याने शिकावे लागणे हा आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे महाराष्ट्रातील कार्य आणि ट्राइझमन यांचा बर्कली येथील अभ्यास या दोहोंतून हीच दिशा सूचित होते.

4. ऊसतोड पट्ट्यात उन्हाळा हा कुटुंब घरी असण्याचा काळ असल्यामुळे शासकीय योजनांनी हंगामी वसतिगृहांसोबत उन्हाळी वर्गाचाही विचार करणे आवश्यक आहे.

5. अशा वर्गाची जबाबदारी तालुक्याच्या महाविद्यालयाने घ्यावी आणि अध्यापकांच्या मानधनासह त्याचा निधी शासनाने द्यावा. त्याचे मूल्यमापन उत्तरचाचणीतील गुणवाढीने करू नये. दिवाळीनंतर, पालक कारखान्यावर गेल्यावरही, वर्गात किती विद्यार्थी व किती विद्यार्थिनी टिकून आहेत, हा त्याचा निकष असावा.

उन्हाळी वर्गाचा अहवाल मेअखेर लिहून पूर्ण होतो. त्याचा खरा निकाल मात्र गावातील बिऱ्हाडे हलल्यानंतर, नोव्हेंबरच्या हजेरीपटावर लागतो. तो हजेरीपट पाहण्याची सवय महाविद्यालयांनी लावून घेतली, तर उन्हाळी वर्ग कसा असावा याचे उत्तर त्यातूनच मिळत जाईल.